आकडा पडणारी कांडी

नेमेसिया युहराच्या उजव्या अंगठ्याला ठसा नाही. ओळखपत्रासाठी बोटं टेकवायला गेली, तेव्हा सरकारी खोलीतल्या पोरीनं तीनदा तिचा अंगठा पुसला, चारदा काचेवर दाबला, आणि वैतागून विचारलं, "बाई, तुमचा अंगठा गेला कुठं?"

"चाळीस वर्सांत थोडाथोडा रेडिओत गेला," नेमेसिया म्हणाली. "उरलेला हितं आनलाय. बगा, चालतोय का."

मी तिच्यामागं रांगेत उभा होतो, म्हणून हे छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या एल आल्तो शहरातल्या 'सोळा जुलै' नावाच्या बाजारात, दर गुरुवारी आणि रविवारी, तिची माझी ताडपत्री एकाच दोरीला बांधलेली असते. ती रेडिओ दुरुस्त करते, मी सायकलींचे जुने भाग विकतो. वारा सुटला की दोघांच्या ताडपत्र्या एकदमच उडतात, आणि एकदमच शिव्या निघतात. माझ्या धाकट्या लेकीची ती धर्ममाता, म्हणजे माझी कोमाद्रे. मी तिचा कोम्पाद्रे. गावही एकच, कलाउता, इथून बसनं चार तास, आणि बस बंद पडली तर सहा.

तिचा बाप खाणीतून कायमचा घरी आला, तो एक खोकला आणि एक रेडिओ घेऊन. खोकला बापाला घेऊन गेला, रेडिओ घरात राहिला. पुढं तोही मुका झाला. नेमेसिया तेव्हा तेरा वर्षांची. बटाटे सोलायच्या सुरीनं तिनं तो उघडला, आत एक तार सुटून लोंबत होती ती बघितली, आणि लामाच्या लेंड्यांच्या विस्तवात एक खिळा तापत घातला. माशाच्या डब्याच्या सांध्यावरचं कथील खरवडून घेतलं. खिळा फार तापला तर तार करपते, कमी तापला तर कथील चिकटत नाही. मग तापला किती हे कळायचं कसं? तिनं तो ओठाजवळ नेला. टेकवला नाही, नुसता जवळ नेला. दोनदा पोळली. तिसऱ्यांदा रेडिओ बोलला.

तेव्हापासून तिचा खालचा ओठ हेच तिचं मापाचं यंत्र. पुढं शहरात आल्यावर तिनं लाकडी मुठीची साधी चाळीस वॅटची सोल्डरिंग आयर्न घेतली. आम्ही तिला नुसती कांडी म्हणतो. विजेला लावली की तापत राहायची, तापतच राहायची, तिला थांब म्हणणारं आत काही नाही. नेमेसिया प्रत्येक टाक्याआधी ती ओठाजवळ नेणार, वाटलं तर ओल्या फडक्यावर एकदा चर्र करणार, मग टाका मारणार. तिनं मारलेला टाका सुटून परत आलेला मी बघितलेला नाही. नवीन गिऱ्हाईक आलं, पोयेरा, म्हणजे घेरदार झगा नेसलेली, गोल टोपी घातलेली बाई बघितली, की विचारायचं, "कारागीर कुठाय?" नेमेसिया मान वर न करता म्हणायची, "जेवाय गेलाय. रेडिओ ठेवा, त्यो येऊस्तवर म्या नीट करून ठेवती."

त्या वर्षी गावाकडं तिच्या घराची पाळी आली.

आमच्याकडं पाळी कुणाला चुकत नाही. शहरात तुमचा तीन मजली बंगला असो नाहीतर गाडा असो, गावची जमीन ठेवायची तर पाळी आली की वर्षभर गावाचं प्रमुखपण करायचं, तेही नवराबायकोनं जोडीनं. नेमेसियाचा नवरा वारलेला. म्हणून दीर फ्रोइलान तिच्या जोडीला उभा राहिला. फ्रोइलानची शहरात दोन मिनीबस आहेत, आणि त्या दोन आहेत हे तो पहिल्या पाच वाक्यांत सांगतो.

जुलैच्या कडाक्यात गावचा रेडिओ मुका पडला. टेकडीवर आमचं छोटं प्रसारण केंद्र आहे, मातीच्या विटांची एक खोली, छपरावर सूर्याच्या पाट्या, आत दोन मोठ्या बॅटऱ्या आणि ट्रान्समीटर. कुणाचं जनावर चुकलं, कुणाकडं बाळ झालं, आज रात्री दहिवर गोठणार, चुन्यो करायला, म्हणजे गोठवून वाळवायला, बटाटे पसरा, हे सगळं त्यावरूनच कळतं. गावानं पाच वर्षं लोकर विकून ते उभं केलं होतं.

नेमेसियानं वर जाऊन तपासलं. ट्रान्समीटर ठणठणीत. खोट अँटेनाच्या खांबावर, माणसाच्या दीड उंचीवर असलेल्या डब्यात होती. तिथं अंगठ्याएवढ्या रुंदीची तांब्याची पट्टी केबलला जोडलेली असते. दिवसा ऊन, रात्री बर्फ, असं करकरून तो जोड आतून तडकला होता. ड्राय सोल्डर. वरून धरल्यासारखा दिसायचा, आतून सुटलेला. ती उतरून शहरात येईपर्यंत गावातल्या वडीलधाऱ्या ताता कान्सिओच्या पुतण्यानं परस्पर गॅसच्या जाळानं तो जोडायला घेतला. केबलच्या आतलं पांढरं प्लास्टिक वितळून मेणबत्तीसारखं ओघळलं. वीतभर केबल कापून टाकावी लागली. आता आणखी एकदाच कापता आली असती. त्यापुढं केबल पट्टीपर्यंत पोचणारच नव्हती.

ऑगस्टच्या पहिल्या बैठकीत ताता कान्सिओ उठला. हा माणूस तीनदा प्रमुख झालेला, धरणीला पाजायच्या दारूची गावची बाटली त्याच्या ताब्यात, त्याचं वजन आहे. म्हणाला, "शेजारच्या चुल्यापाम्पाचं लोक ट्रान्समीटर मागाय लागल्यात. त्यांच्याकडं इंजिनियर हाय. बदल्यात चार लामा देत्यात. आपल्या खबरा बी ते सांगतील."

"आपल्या गाई चुकल्या तर त्ये सांगनार?" नेमेसियानं विचारलं. "आदी सोताच्या घरात बांदतील आनि मंग सांगतील."

लोक हसले. कान्सिओ हसला नाही.

"नेमेसियाबाई, तुजा हात टेबलावरचा. रेडिओ मांडीवर घेऊन बसायचं त्ये काम. खांब काय मांडीवर घेती?"

"खांब टेबलावर येत न्हाई, तर टेबल खांबावर नेती. फुडच्या रविवारी दुपारपातूर रेडिओ बोलला न्हाई तर चुल्यापाम्पाला द्या. आनि माजा ह्यो चाबूक बी घ्या काडून. वर्सभराचं प्रमुखपन मला नगं."

चाबूक ही प्रमुखपणाची खूण, ती खांद्यावरून काढून देणं म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पुढं तुमच्या घराला गावात कुणी आधी बोलावत नाही, शेवटी बोलावतात. बैठकीत असा गारवा पसरला की फ्रोइलानला आपल्या मिनीबसची आठवण झाली नाही.

गुरुवारी बाजारात तिनं मला म्हटलं, "कोम्पाद्रे, तुमचा गाळा झाका. कांडी घ्याय जायचं हाय."

"नवी? चाळीस वर्सं ओठावर काडली, आता कसली कांडी?"

"टेबलावर ओठ पुरतो. टेकडीवरचा वारा ओठातली ऊब बी काडून न्हेतो. आनि तितं वीज न्हाई, बॅटरी हाय. साधी कांडी टाका मारायच्या आदीच गार पडती, आनि तापली तर परत प्लास्टिक वगाळती. मला आशी पायजे की बॅटरीवर चालंल, वाऱ्यात बी तेवडीच गरम ऱ्हाईल आनि जास्त हुनार न्हाई."

लोकांच्या पाठीवरच्या रंगीत फडक्यात नातवंडं असतात. तिच्या फडक्यात त्या दिवशी मोटारसायकलच्या दोन बॅटऱ्या होत्या, आणि हातातल्या पिशवीत खांबावर आहे तसलाच तांब्याच्या पट्टीचा एक तुकडा. हत्यारांच्या ओळीत ओविदिओचा गाळा सगळ्यात मोठा. बंदरावरून माल आला की आधी त्याच्याकडं उतरतो.

"या, कासेरा! काय दिऊ?" आमच्या बाजारात गिऱ्हाइकालाही कासेरा म्हणतात आणि दुकानदारालाही, अगदी गळा धरतानासुद्धा. "सोल्डरची कांडी? मालकांसाटी?"

"मालक मेलं. त्यास्नी आता गरम काय लागत न्हाई. मला दावा."

ओविदिओनं पहिल्यांदा गॅसवर चालणारी काढली. वायर नाही, बॅटरी नाही, खिशात घालून कुठंही न्या. नेमेसियानं ती घेतली, गाळ्यातून बाहेर रस्त्याच्या मधोमध गेली आणि म्हणाली, "हितं पेटवा." ऑगस्टचा वारा. ज्योत आडवी झाली आणि गेली. परत पेटवली, परत गेली. आमच्या उंचीवर मुळात हवाच पातळ, ज्योतीला खायला काही मिळत नाही.

"वाऱ्याकडं पाट करा की जरा," ओविदिओ म्हणाला.

"खांब काय वाऱ्याकडं पाट करून बसतो? दुसरी काडा."

दुसरी मोबाईलच्या चार्जरवर चालणारी, बारीक, मुठीवर फिरवायचं चाक, चाकावर दोनशेपासून साडेचारशेपर्यंत अंशांचे आकडे. नेमेसियानं ती तापवली, तांब्याच्या तुकड्यावर टेकवली, कथील लावलं. कथील कोंबडीच्या शिटेसारखं वर बसलं. चाक साडेचारशेवर नेलं. शीटच.

"आकडं रंगानं लिवल्यात," ती म्हणाली. "आत कुनाला त्ये वाचता येत न्हाईत."

तिसरी काढताना ओविदिओनं आधी फडक्यानं पुसली. ही लाल, चकचकीत, मुठीत छोटा पडदा, पडद्यावर निळे आकडे. नेमेसियानं दोन्ही बॅटऱ्या एकापुढं एक जोडून चोवीस व्होल्ट केले आणि कांडी लावली. आकडा चढत चढत तीनशे पन्नासला थांबला. तिनं कांडीचं टोक, म्हणजे बिट, तांब्यावर दाबलं. आकडा तीनशे पन्नास. वाऱ्यात धरलं. तीनशे पन्नास.

"बगा, बगा!" ओविदिओची छाती फुगली. "डोंगरावानी हाय. जराबी हालत न्हाई!"

मलाही वाटलं, झालं काम. पण नेमेसिया आकड्याकडं बघतच नव्हती, कथलाकडं बघत होती. कथील अर्धवट ओलं होऊन गोळा झालं होतं. तिनं कांडी उचलून ओठाजवळ नेली.

"अवो बाई, जळाल!"

"दोनशे सत्तर बी न्हाई," ती म्हणाली आणि कांडी खाली ठेवली. "ओविदिओ, गारढोन तांब्याला टेकली, वाऱ्यात उबी केली, आनि म्हनती मला कायबी झालं न्हाई. असली सून घरात आनायची का? आनखी काय हाय?"

"आनखी काय न्हाई."

"त्या खोक्यात काय हाय?"

"ती नगं. गिऱ्हाइकानं परत आनल्याली हाय. खोटीची हाय."

"काय खोट?"

"आकडा पडतो तिचा. टेकवली की पडतो."

नेमेसियाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, म्हणून सांगतो, तिनं डाव्या पायाचा अंगठा जोड्यात दोनदा हलवला. जुना दुर्मिळ रेडिओ कुणी भंगारच्या भावात द्यायला आणला की ती असंच करते.

"बगू तर खरं," ती म्हणाली.

काळी, सडपातळ, जरा ओरखडलेली कांडी. तीही बॅटऱ्यांना लावली. आकडा तीनशे पन्नासला पोचला, तोही मी नाक पुसेपर्यंत. तिनं बिट तांब्यावर दाबलं. आकडा धाडकन दोनशे नव्वदवर आला. ओविदिओनं माझ्याकडं बघून मान हलवली, बघा, म्हटलं नव्हतं? तेवढ्यात आकडा वर यायला लागला. तीनशे. तीनशे वीस. पन्नास. आणि कथील पाण्यासारखं पट्टीवर पसरलं. नेमेसियानं ती उचलून ओठाजवळ नेली, डोळे मिटले.

"तीनशे चाळीस," ती म्हणाली. "धा जास्त दावती. चालंल."

मग ओविदिओच्या गाळ्याच्या सावलीत पहाटेचं गोठलेलं दहिवर अजून बर्फासारखं साचून होतं, त्यात तिनं कांडीची वायर पुरून ठेवली आणि उभ्याउभ्या एक पेलाभर आपी, मक्याचं गरम पेय, प्यायली. वायर काढून वाकवली. उकडलेल्या शेवईसारखी मऊ. लाल कांडीची तशीच पुरलेली वायर काठीसारखी ताठ झाली होती. कांडीबरोबर सुईसारखं टोकदार बिट होतं, ते तिनं परत केलं आणि छिन्नीसारखं सपाट तोंडाचं मागितलं.

"सुईवालं नाजूक कामाला भारी असतंय, कासेरा."

"मला सुईनं भाकर भाजायची न्हाई. रुंद द्या. आनि भाव खोटीचा लावा."

ओविदिओनं खोटीचा भाव लावला. पैसे दिले, कांडी फडक्यात गेली, गाठ बसली. आता चालू लागायचं की नाही? पण नेमेसिया परत वळली.

"ओविदिओ, ऐका. हिच्या बिटाच्या टोकातच तापवायचं आनि मापायचं दोनी बसवल्यात. गार लागलं की हिला कळतं, म्हनून आकडा पडतो, आनि कळतं म्हनूनच ही जोर लावून वर येती. त्या लाल कांडीला कायबी कळत न्हाई, ती नुसता आकडा दावती. फुडच्या गिऱ्हाइकाला असली कांडी फुल भावानं इका, आनि लाल इकू नगा."

ओविदिओ तोंड उघडं टाकून बघत राहिला. "ह्ये पैसं द्यायच्या आदी का न्हाई सांगितलं?"

"पैसं द्यायच्या आदी म्या गिऱ्हाईक व्हती," ती म्हणाली.

बाजारातून परत येताना मी उगाचच लोकांना धक्के देत चाललो होतो. ही कोण, असं कुणीतरी विचारावं आणि मी 'माझी कोमाद्रे' म्हणावं म्हणून.

आता पुढं झालेली चूक. ती सांगताना मीही त्यात होतो हे लपवत नाही.

ऑगस्टात आमच्या धरणीचं तोंड उघडं असतं. ती भुकेली असते, तहानलेली असते. या महिन्यात नवं काही घेतलं, मग ती गाडी असो, शिलाई मशीन असो, नाहीतर साधा पान्हा असो, तर ते धरणीपुढं ठेवून धरणीला आणि त्या वस्तूला, दोघांनाही दारू पाजायची. नेमेसियाची जुनी कांडी दर ऑगस्टात अशी भिजायची. लाकूड, लोखंड आणि वायर, तिला काय होणार? पुसली की झाली.

शुक्रवारी फ्रोइलानच्या अंगणात आम्ही जमलो. कोकाची पानं मांडली, साखरेच्या गोळ्या ठेवल्या, लामाची चरबी विस्तवावर टाकली. नेमेसियानं नवी कांडी तोंडाकडनं मातीत खुपसून उभी केली, दरसाल करते तशी. म्हणजे वायर लावायचं भोक आभाळाकडं. ती गावच्या रिवाजाची तीव्र साधी दारू शिंपडायला निघाली, तर फ्रोइलान मधे पडला.

"वैनी, येवडी भारी कांडी, आनि तिला गरिबाची दारू? लोक काय म्हनतील? दोन मिनीबसला म्या बिअर पाजली, दोनी पळत्यात!"

त्यानं बाटलीवर अंगठा ठेवला, हलवली, आणि सोडली. फेस कांडीच्या डोक्यावरून ओघळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर जोरात वाजवल्या. मग कांडी पुसली, फडक्यात बांधली. पाजलेल्या हत्याराला त्याच दिवशी कामाला लावायचं नाही, धरणीला आधी सावकाश पिऊ द्यायचं, हा आमच्या गावचा नेम. म्हणून कुणी लावून बघितली नाही.

रविवारी सकाळी आम्ही टेकडीवर. अर्धा गाव वर आलेला. खाली पायथ्याला चुल्यापाम्पाचा ट्रक येऊन उभा, मागं दोर, गोणपाटं, ट्रान्समीटर बांधून न्यायची सगळी तयारी. ड्रायव्हर टपावर बसून बिया खात होता.

नेमेसियानं खोलीतल्या बॅटऱ्यांवरून वायर बाहेर ओढली आणि कांडी लावली. पडदा काळा. काढून परत लावली. काळा. मीटरनं बॅटऱ्या मापल्या, चोवीस व्होल्ट. वायर मापली, चांगली. कांडी मेलेली.

ताता कान्सिओ म्हणाला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "धरनीनं पाजल्यालं घेतलं न्हाई."

मागच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. फ्रोइलान ओरडला, "त्या ओविदिओनं फसवलं! खोटीची हाय म्हनून त्योच सांगत व्हता! त्याच्या गाळ्यावर मिनीबस घालतो!"

नेमेसियानं कांडी नाकाला लावली. एकदा, दोनदा. मग ती फ्रोइलानजवळ गेली आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"एकच वास हाय," ती म्हणाली.

मग लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "ओविदिओची चूक न्हाई, धरनीची न्हाई आनि दिराची बी न्हाई. कांडी म्या उबी केली. हिच्या मुटीत मेंदू हाय, ह्ये म्या इकत घेताना चांगलं वळखलं, आनि पाजताना इसरून गेली. चूक माजी."

मग ती खाली बसली, पोयेराचा घेर मांडीवर पसरला, दोन बारीक स्क्रू काढले आणि कांडीची मूठ सोलली. आत करंगळीएवढी सर्किटची पट्टी. तिच्यावर बिअर वाळून काकवीसारखी चिकट झालेली.

"ताता कान्सिओ, बाटली द्या."

कान्सिओनं बाटली पोंचोत आणखी आत ओढली. त्या बाटलीत गावची दारू, शहाण्णव टक्के, काडी लावली तर भडकेल अशी. "ही धरनीची हाय. पेयाची न्हाई, धुयाची न्हाई."

"पेयाची न्हाई म्हनून तुमी सांगता?" नेमेसिया म्हणाली, आणि मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. "ताता, शुक्रवारी ह्या कांडीला रिवाजाची दारू पाजायची ऱ्हायली. बिअर पाजली. रिवाज अर्धा ऱ्हायलाय. त्यो पुरा करा. तुमच्याच हातानं करा."

आता याला नाही कसं म्हणणार? कान्सिओ पुढं आला. आधी त्यानं चार थेंब जमिनीवर टाकले, ओठ हलवले. मग वाकून त्या करंगळीएवढ्या पट्टीवर धार धरली. नेमेसिया दात घासायच्या ब्रशनं घासत होती. पिवळं पाणी निथळलं, मग पांढरं, मग स्वच्छ. आमच्या उंचीवर दारू उडायला वेळ लागत नाही. तरी तिनं घाई केली नाही. कोकाची तीन पानं गालात धरली, ती मऊ होईपर्यंत बसली, पट्टी वाऱ्यात धरून. खाली ट्रकच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. कुणी वळून बघितलं नाही.

स्क्रू बसवले. वायर लावली.

पडद्यावर आकडा आला, चार. त्या सकाळी टेकडीवर चार अंश थंडी होती, आणि कांडी खरं बोलत होती. मग पन्नास. एकशे तीस. अडीचशे. तीनशे साठ. कांडी दहा जास्त दाखवते, हे ओठानं सांगितलेलं तिनं धरलेलं होतं.

ती खांबावर चढली, पोयेराचे घेर वाऱ्यानं फुगलेले, खालून मी शिडी धरलेली. वारा असा की डोळ्यांतलं पाणी कानात जातंय. कान्सिओ आपणहून शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि आपला पोंचो पसरून वारा अडवायला लागला.

"ताता, पोंचो काडा, मला दिसत न्हाई!"

"वाऱ्यानं गार पडंल की!"

"पडू द्या! तिचं ती बगंल!"

तिनं केबलचं टोक तासून पट्टीला लावलं, बिट दाबलं. ही शेवटची केबल, चुकली तर पुढं काही नाही. आकडा पडला, दोनशे ऐंशी. ती थांबली. मी मनातल्या मनात आकडा वर ढकलत होतो. तीनशे. तीस. साठ. तिनं कथील दिलं, पट्टीनं ते पिऊन टाकलं, कडेनं राळेचा धूर निघाला आणि तिनं हात काढला. केबलचं पांढरं प्लास्टिक पांढरंच. जोड असा चमकत होता की त्यात तिची टोपी दिसत होती.

खोलीत ट्रान्समीटर लावला. काटा उठला. आता बोलायचं कुणी? नेमेसियानं माईक कान्सिओच्या हातात दिला. त्यानं घसा खाकरला, आणि तीनदा प्रमुख झालेल्या माणसाला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणाला, "हॅलो. माजी तपकिरी गाय मंगळवारपास्नं चुकल्या. उजव्या कानात निळी फीत हाय. कुनाला दिसली तर सांगा."

आम्ही बाहेर येऊन समोरच्या डोंगराकडं बघत राहिलो. तिथं मेंढ्या राखणाऱ्या बायांच्या शालीत रेडिओ असतात, आणि ऐकू आलं की त्या आरसा चमकवून कळवतात. थोडा वेळ काहीच नाही. मग उतारावर एक आरसा चमकला. मग दुसरा, वरच्या अंगाला. मग एकदम पाच-सहा, सगळा उतार लुकलुकायला लागला.

नेमेसियानं खांद्यावरचा चाबूक नुसता नीट केला.

दुपारी टेकडीखाली फडकी जोडून अंथरली. प्रत्येकानं आणलेलं मधे ओतलं, चुन्यो, बाकल्याच्या शेंगा, चीज, तळलेले मासे. चुल्यापाम्पाचा ड्रायव्हर दोर हातात घेऊन लांब उभा.

"मंग आमी काय न्यावं?" त्यानं विचारलं.

"आदी जेवा," नेमेसिया म्हणाली. "रिकाम्या पोटानं रिकामा ट्रक न्हेऊ नगा."

जेवता जेवता तो म्हणाला की ट्रकमधला रेडिओ कार्निवलपासून मुका आहे. त्यांच्या इंजिनियरला दोनदा दाखवला, तो नवा घ्या म्हणतो. नेमेसियानं हात पुसले, कांडी ट्रकच्या बॅटरीला लावली. "बारा व्होल्टावर जरा आळशी हाय, पर हुईल," म्हणाली. रेडिओ उघडला, एका तारेच्या बुडाशी ड्राय सोल्डर होतं. कांडी ओठाजवळ नेली, मग स्वतःशीच हसून पडद्याकडं बघितलं. टाका मारला.

ट्रक उताराला लागला, तेव्हा आतून कान्सिओच्या तपकिरी गाईची खबर ऐकू येत होती. त्यानं तोवर ती चौथ्यांदा सांगायला घेतली होती.

फ्रोइलाननं आनंदानं बिअरची नवी बाटली उघडली आणि अंगठा तोंडावर ठेवून हलवायला लागला. नेमेसियानं कांडी उचलून टोपीत घातली, आणि टोपी डोक्यावर.